घरातली आगगाडी रुळांवरून का घसरते?

चिंचवड - टेबलावर मांडलेली छोटी आगगाडी पहिल्या दिवशी झोकात धावते. आठवड्याभरात ती एकाच वळणावर पुन्हा पुन्हा घसरू लागते आणि काही दिवसांनी सगळा संच खोक्यात बंद होऊन माळ्यावर जातो. इंजिनच सदोष निघाले, अशी समजूत करून घेऊन कोणी नवे इंजिन आणतो, तर तेही त्याच जागी रूळ सोडते. मॉडेल रेल्वेच्या छंदात पैसा आणि उत्साह यांची सर्वाधिक नासाडी होते ती येथे. वास्तविक, घरातील गाडीचे घसरणे हा नशिबाचा भाग नसून मोजमापाचा प्रश्न आहे. खऱ्या रेल्वेत चाक ज्या कारणांनी रूळ सोडते, जवळपास त्याच कारणांनी ते टेबलावरही रूळ सोडते आणि ती कारणे शोधण्याची रीतही सारखीच आहे. कारखान्यात व्हर्निअर कॅलिपर आणि गेज हाताळणाऱ्या पिंपरी-चिंचवडकरांना तर ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही.

प्रमाण आणि रूळमाप

जगभर सर्वाधिक प्रचलित असलेले मॉडेल रेल्वेचे प्रमाण 'एचओ' या नावाने ओळखले जाते. त्यात खऱ्या वस्तूच्या ८७ व्या भागाइतकी प्रतिकृती असते आणि दोन रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते. इंग्लंडमधील 'ओओ' प्रमाणात गाडी किंचित मोठी, म्हणजे सुमारे ७६ व्या भागाइतकी असते. रूळ मात्र तेच, १६.५ मिलिमीटरचे. जागा कमी असलेल्यांसाठी 'एन' हे प्रमाण आहे. त्यात प्रतिकृती १६० व्या भागाइतकी आणि रूळमाप ९ मिलिमीटर असते.

१६.५ मिलिमीटरला ८७ ने गुणले, की १४३५ मिलिमीटर हे आंतरराष्ट्रीय 'स्टँडर्ड गेज' मिळते. भारतीय रेल्वेचा ब्रॉडगेज मार्ग १६७६ मिलिमीटरचा असल्याने एचओ प्रमाणात त्याचे खरे माप १९.२६ मिलिमीटर यायला हवे. त्यामुळे भारतीय इंजिनांच्या व डब्यांच्या बहुतेक प्रतिकृती त्यांच्या अंगापेक्षा अरुंद रुळांवर धावतात. उलट ६ मार्च २०२२ रोजी पिंपरी-चिंचवड महापालिका ते फुगेवाडी या टप्प्यावर सुरू झालेली पुणे मेट्रो १४३५ मिलिमीटरच्या मार्गावर धावते. शहरातल्या दोन रेल्वेंपैकी मेट्रो एचओच्या रुळांत नेमकी बसते, तर चिंचवड स्थानकातून जाणारी लोणावळा लोकल बसत नाही.

प्रमाण लहान झाले की दोषाची मर्यादाही लहान होते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. चाकाला रुळावर राखणारी आतील कडा, म्हणजे 'फ्लँज', ब्रॉडगेजच्या नव्या चाकावर सुमारे २८.५ मिलिमीटर उंच असते. ८७ ने भागल्यास ती जेमतेम ०.३३ मिलिमीटर होते. एवढी कडा पुरणार नाही म्हणून मॉडेलच्या चाकावर ती जवळपास दुप्पट, साधारण ०.६५ मिलिमीटर ठेवलेली असते. तरीही दोन रुळांच्या जोडावर अर्ध्या मिलिमीटरची पायरी राहिली, तर त्या चाकाच्या दृष्टीने ती भिंतच ठरते. डोळ्यांना न दिसणारा दोष गाडीला मात्र जाणवतो, तो यामुळेच.

चढले कुठे, पडले कुठे

लोहमार्ग अभियंत्यांना प्रशिक्षण देणारी भारतीय रेल्वेची 'इरिसेन' ही संस्था पुण्यात आहे. अपघाताचा तपास हा तेथील अभ्यासक्रमाचा एक भाग आहे. अशा तपासात दोन ठिकाणे वेगवेगळी नोंदवली जातात. चाकाची कडा रुळाच्या माथ्यावर जेथे चढली ते एक आणि चाक रुळावरून खाली जेथे उतरले ते दुसरे. दोहोंच्या मधल्या अंतरात कडा रुळाच्या माथ्यावरून धावत असते आणि तिचा बारीक ओरखडा माथ्यावर उमटतो. दोष शोधायचा तो पहिल्या ठिकाणी आणि त्याच्याही मागे. गाडी आडवी झालेली असते ती जागा त्याच्या बरीच पुढे असू शकते.

घरातील मांडणीवर नेमकी हीच चूक होते. डबा जेथे कलंडला तेथील रूळ दाबून, वाकवून, पुन्हा खिळवून पाहिला जातो आणि मूळ दोष वीतभर मागे तसाच राहतो. त्यापेक्षा गाडी अगदी हळू चालवावी, डोळे रुळाच्या पातळीत आणावेत, बॅटरीचा झोत समोरून टाकावा आणि कोणते चाक सर्वांत आधी उचलले जाते ते पाहावे. मोबाईलवर संथ गतीचे चित्रण केल्यास हे काम आणखी सोपे होते. ते ठिकाण सापडले की स्लीपरवर पेन्सिलने खूण करावी.

चाक रुळावर का चढते, याचे सूत्र फ्रेंच अभियंता नादाल यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी मांडले. चाकाला बाजूने ढकलणारे बल आणि चाकावरचे उभे वजन यांचे गुणोत्तर एका मर्यादेपलीकडे गेले, की कडा रुळावर चढू लागते. आडवा रेटा वाढला किंवा वजन घटले, तरी परिणाम एकच. पुढे येणारी बहुतेक सारी कारणे या दोन बाजूंपैकी कोणत्या तरी एका बाजूला बसतात.

दोष रुळाचा की डब्याचा?

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी एक साधी तपासणी करावी. सलग दहा फेऱ्यांची नोंद वहीत ठेवावी. कोणता डबा, कोणते चाक, कोणती जागा आणि गाडीची दिशा, एवढ्या चार रकान्यांनी काम भागते. त्यातून तीनपैकी एक चित्र उभे राहते.

वेगवेगळे डबे एकाच जागी घसरत असतील, तर दोष रुळाचा. एकच डबा वेगवेगळ्या जागी घसरत असेल, तर दोष त्या डब्याच्या चाकांचा, बोगीचा किंवा कपलिंगचा. एकच डबा एकाच जागी घसरत असेल आणि बाकीचे डबे तेथून सुखरूप जात असतील, तर दोन्हींत थोडाथोडा दोष असून ते त्या जागी एकत्र येतात. तिसरा प्रकार सर्वांत फसवा असतो. अशा वेळी डबा उलट दिशेने जोडून पाहावा. डब्याचे तेच चाक पुन्हा घसरले तर डबा तपासावा. दुसरे चाक घसरले तर आधी रूळ तपासावा.

चाकांची तपासणी कॅलिपरने करता येते. एकाच कण्यावरच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर एचओ व ओओ या दोन्ही प्रमाणांत साधारण १४.४ मिलिमीटर असावे लागते. प्लास्टिकच्या कण्यावर बसवलेली चाके हळूहळू सरकतात आणि हे अंतर कमी होते. मग सरळ मार्गावर काहीच बिघडत नाही, पण सांध्यावर मात्र डबा हमखास उडी मारतो. चाक किंचित फिरवत बाहेर ओढले की अंतर पुन्हा जमते.

१९३५ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने चाके व रुळांची मानके ठरवली आणि ती तपासण्यासाठी धातूची एक छोटी पट्टी प्रचारात आणली. तिच्या खाचांत चाके बसली आणि तिचे दात रुळांत उतरले, की माप बरोबर. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील कोणताही फिटर ही पट्टी पाहताच 'गो-नोगो गेज' म्हणून ओळखेल. युरोपात हेच काम 'मोरॉप' या महासंघाची मानके करतात. अमेरिकी आणि युरोपीय संच एकत्र करताना चाकांच्या कडांची उंची सारखी असेलच असे नाही. जुन्या संचांची उंच कडेची चाके आजच्या बारीक रुळांच्या खिळ्यांवर खडखडत चालतात, तीही याच कारणाने.

जोड, पीळ आणि सांधे

रुळातील दोषांत पहिला क्रमांक जोडाचा. दोन तुकडे जोडणारी पत्र्याची फिशप्लेट सैल झाली किंवा एका रुळाचे टोक तिच्या आत जाण्याऐवजी तिच्यावर चढून बसले, तर पायरी तयार होते. जोडावरून नख फिरवून पाहावे. नख अडले तर चाकही अडणार. बारीक कानसीने रुळाचा माथा आणि आतील कोपरा हलकासा घासला, की पायरी नाहीशी होते.

दुसरा दोष पिळाचा. दोन्ही रूळ समपातळीत असावेत, ही अपेक्षा असते. एक रूळ थोड्याच अंतरात दबला, की चार चाकांपैकी एकाचा आधार सुटतो आणि त्यावरचे वजन शून्यावर येते. नादालच्या सूत्रानुसार याच क्षणी कडा चढायला मोकळी होते. लहान पाणसळ रुळांवर आडवी ठेवून दर १० सेंटिमीटरला बुडबुडा पाहिला, तर असा पीळ लगेच सापडतो. दबलेल्या बाजूखाली जाड कागदाची पाचर पुरेशी होते.

हाच दोष डब्यातही असू शकतो. वाघिणीची चारही चाके एकाच वेळी टेकतात की नाही, हे पाहण्यासाठी ती आरशाच्या सपाट तुकड्यावर ठेवावी. ती डुगडुगली तर सांगाडा वाकला आहे, असे समजावे. बोगीच्या डब्यात एका बोगीचा स्क्रू किंचित सैल ठेवावा, म्हणजे ती सर्व बाजूंना झुलते. दुसरा इतकाच आवळावा, की बोगी वळेल पण डावी-उजवीकडे डोलणार नाही. तीन पायांचे तिवई जसे कोणत्याही जमिनीवर न डुगडुगता उभे राहते, तसाच हा डबा उंचसखल रुळावर चारही कोपरे टेकून चालतो.

तिसरे आणि सर्वाधिक तक्रारींचे ठिकाण म्हणजे सांधा. गाडीला एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर नेणाऱ्या या रचनेत दोन हलत्या पट्ट्या असतात. त्यांतील एक स्थिर रुळाला पूर्णपणे चिकटली पाहिजे. मध्ये वाळूचा कण, कृत्रिम गवताचा तंतू किंवा खडीचा डिंक अडकला, तर फट राहते आणि चाकाची कडा त्या फटीत शिरते. पुढची बोगी एका मार्गाने आणि मागची दुसऱ्या मार्गाने जाऊन डबा आडवा होण्याचा प्रकार येथेच घडतो. खडी चिकटवताना सांध्याच्या हलत्या भागाभोवतीचा भाग कोरडा ठेवणे हा यावरचा उत्तम उपाय होय. गाडी सांध्याच्या मधोमध असताना कळ फिरवल्यासही हाच परिणाम होतो. तेव्हा लहान मुलांच्या हाती सांध्यांच्या कळी देताना एवढा नियम आधी सांगावा.

वळणाचा प्रश्न

भारतीय रेल्वेच्या ब्रॉडगेज मार्गावर सर्वांत तीव्र वळण १० अंशांचे, म्हणजे सुमारे १७५ मीटर त्रिज्येचे असते. एचओ प्रमाणात ते हुबेहूब उतरवायचे, तर त्रिज्या दोन मीटर होते आणि अर्धे वर्तुळ पूर्ण करायला चार मीटर रुंदीची खोली लागते. दोन बेडरूमच्या सदनिकेत हे शक्य नाही. म्हणून संचांतील वळणे बरीच आवळलेली असतात. ब्रिटिश संचांतील सर्वांत लहान वळणाची त्रिज्या ३७१ मिलिमीटर, तर त्यापुढच्या वळणाची ४३८ मिलिमीटर आहे.

अशा वळणावर छोटे इंजिन आणि आखूड वाघिणी सहज जातात. प्रश्न येतो तो प्रवासी डब्यांचा. जुन्या आयसीएफ डब्याची लांबी २१.३ मीटर, म्हणजे एचओ प्रमाणात साडेचोवीस सेंटिमीटर. नव्या एलएचबी डब्याची २३.५ मीटर, म्हणजे २७ सेंटिमीटर. वळणाची त्रिज्या सर्वांत लांब डब्याच्या किमान तिप्पट असावी, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. त्यानुसार आयसीएफसाठी सुमारे ७४ आणि एलएचबीसाठी ८१ सेंटिमीटर त्रिज्या हवी. सहा फूट बाय चार फुटांच्या फळीवर ती बसत नाही. तेव्हा आधी गाडी घेऊन मग जागा शोधण्याऐवजी आधी फळी मोजावी आणि तीवर बसणारी गाडी निवडावी. शटल, डेमू किंवा चारचाकी वाघिणींची मालगाडी छोट्या फळीवर अधिक शोभते आणि टिकतेही.

डावे वळण संपताच लगेच उजवे वळण सुरू करणे, ही आणखी एक नेहमीची चूक. दोन शेजारच्या डब्यांची टोके त्या क्षणी विरुद्ध बाजूंना फेकली जातात आणि कपलिंगच चाकाला रुळाबाहेर ओढते. दोन वळणांच्या मध्ये निदान एका डब्याच्या लांबीइतका सरळ रूळ घालावा.

तीव्र वळणाचा उपाय गाडीच्या रचनेतही असू शकतो, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १९०७ मध्ये सुरू झालेल्या नेरळ-माथेरान या दोन फुटी मार्गासाठी जर्मनीतील ओरेनस्टाईन अँड कोपेल कंपनीने बनवलेल्या वाफेच्या इंजिनांचे कडेचे कणे वळणानुसार हलू शकतील, अशी योजना होती. तरीही घाटातील मार्ग नाजूकच राहिला. मे २०१६ मध्ये लागोपाठ गाडी घसरल्यानंतर ही सेवा थांबवण्यात आली होती. खऱ्या रेल्वेला जे जड जाते, ते टेबलावर आपोआप जमेल, अशी अपेक्षा धरता येत नाही.

वजन किती असावे?

खेळण्याचा डबा हलका असतो आणि हलकेपणा हेच त्याच्या घसरण्याचे मोठे कारण असते. अमेरिकी संघटनेच्या शिफारशीनुसार एचओ प्रमाणातील डब्याचे वजन २८ ग्रॅम, अधिक लांबीच्या दर सेंटिमीटरमागे साडेपाच ते सहा ग्रॅम असावे. १५ सेंटिमीटरची वाघीण साधारण ११० ग्रॅम, तर साडेचोवीस सेंटिमीटरचा प्रवासी डबा १६५ ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर हे तपासता येते. कमी पडणारे वजन लोखंडी नट किंवा वॉशर डब्याच्या तळाशी, मधोमध चिकटवून भरून काढावे. ते छताजवळ चिकटवल्यास डबा वळणावर कलंडतो.

गाडीतील डब्यांचा क्रमही महत्त्वाचा आहे. हलकी वाघीण इंजिनालगत आणि जड वाघिणी मागे असतील, तर वळणावर मागचा ताण हलक्या वाघिणीला आतल्या बाजूला खेचून पाडतो. जड वाघिणी पुढे, हलक्या मागे, हा नियम पाळावा. गाडी मागे ढकलताना तर हलकी वाघीण मध्ये चिरडल्यासारखी वर उचलली जाते. म्हणून उलटा प्रवास नेहमी संथ वेगाने करावा.

वेग आणि घाट

टेबलावरची गाडी सेकंदाला एक मीटर धावली, तर पाहणाऱ्याला तो वेग बेताचाच वाटतो. ८७ पटीने तो ताशी ३१३ किलोमीटर होतो. ताशी १०० किलोमीटरचा प्रमाणबद्ध वेग म्हणजे सेकंदाला केवळ ३२ सेंटिमीटर. एक मीटर अंतर जायला तीन सेकंद लागले, तर गाडी एक्स्प्रेसच्या वेगाने चालली आहे, असे समजावे. वेग एवढ्यावर आणला, तरी निम्मे अपघात टळल्याचा अनुभव येतो; निदान गाडी टेबलाबाहेर तरी फेकली जात नाही.

चढाबाबत पुणेकरांना बोरघाटाचे उदाहरण जवळचे आहे. कर्जत-लोणावळा दरम्यानचा घाट ३७ ला एक, म्हणजे २.७ टक्के चढाचा आहे आणि तेथे गाडीला मागून रेटा देणारी जादा इंजिने लावावी लागतात. एका रुळावरून दुसरा रूळ नेणाऱ्या पुलासाठी टेबलावर साधारण साडेसात सेंटिमीटर उंची लागते. बोरघाटाच्या चढाने ती गाठायची, तर पावणेतीन मीटर लांबीचा मार्ग हवा. संचांसोबत मिळणारे पुलाचे खांब यापेक्षा कितीतरी उभा चढ देतात. मग इंजिनाची चाके जागीच फिरतात, किंवा चढाच्या पायथ्याशी पुढील कपलिंग वर व मागील खाली होऊन गाडी तुटते आणि सुटलेले डबे उतारावरून मागे धावू लागतात.

ही धास्ती खऱ्या घाटानेही अनुभवली आहे. बोरघाटात पूर्वी गाडीची दिशा उलटवणारे रिव्हर्सिंग स्टेशन होते. १८६९ मध्ये उतारावर सुटलेली गाडी तेथे थांबू न शकल्याने मोठा अपघात झाला. सुटलेली गाडी चढावर वळवून थोपवण्यासाठी घाटात 'कॅच सायडिंग' ठेवण्याची पद्धत आहे. घरात इतका खटाटोप करण्याची गरज नाही. चढाची सुरुवात आणि शेवट एका डब्याच्या लांबीत हळूहळू वळवून घ्यावा आणि पायथ्याशी थेट सांधा ठेवू नये, एवढे पाळले तरी पुरे.

हवामानाचा हात

उन्हाळ्यात नीट चालणारी मांडणी पावसाळ्यात घसरू लागली, तर इंजिनाला दोष देण्यापूर्वी फळी पाहावी. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत साधे प्लायवूड ओलावा शोषून फुगते, हिवाळ्यात आक्रसते आणि दोन फळ्यांच्या जोडावर पायरी उमटते. भारतीय मानक ७१० चा शिक्का असलेले मरीन प्लायवूड वापरावे आणि त्याला दोन्ही बाजूंनी वॉर्निश द्यावे. केवळ वरची बाजू रंगवल्यास फळी वाकते.

रूळही उष्णतेने वाढतात. तांबे, जस्त व निकेल यांच्या मिश्रधातूचा तीन मीटर लांबीचा रूळ तापमान ३० अंशांनी वाढल्यास सुमारे दीड मिलिमीटर लांबतो. जानेवारीच्या थंडीत सर्व जोड घट्ट बसवून डाख दिले, तर एप्रिलमध्ये रूळ बाजूला वाकतो. गच्चीलगतच्या खोलीत हे हटकून घडते. दर मीटर-दीड मीटरला एखादा जोड डाख न देता, कागदाच्या जाडीइतकी फट ठेवून सोडावा.

विजेचे धोके

घसरण्याने फार तर डबा मोडतो. विजेच्या दोषाने आग लागू शकते. दोन रुळांवर वेगवेगळ्या ध्रुवांची वीज असते. घसरलेले धातूचे चाक दोन्ही रुळांना एकदम टेकले, की शॉर्टसर्किट होते. जुन्या १२ व्होल्टच्या संचांत ही वीज एक अँपिअरच्या आसपास असल्याने धोका मर्यादित असे. १९९० च्या दशकात प्रमाणित झालेल्या डिजिटल पद्धतीत मात्र रुळांत सतत १५ व्होल्टच्या आसपास दाब आणि पाच अँपिअरपर्यंत प्रवाह असू शकतो. हा ७५ वॉटचा जोर चाकाच्या एका टोकावर एकवटला, तर प्लास्टिकची बोगी वितळायला वेळ लागत नाही.

संरक्षक यंत्रणा वेळेवर वीज तोडते की नाही, हे पाहण्यासाठी मांडणीवर ठिकठिकाणी दोन्ही रुळांवर एक नाणे आडवे ठेवून पाहावे. प्रत्येक ठिकाणी वीज तत्क्षणी बंद झाली पाहिजे. न झाल्यास त्या भागाला वीज पुरवणारी तार बारीक आहे किंवा जोड कच्चा आहे. मुख्य तार जाड घ्यावी आणि दर एक-दोन मीटरला रुळाला जोडणी द्यावी.

अमेरिकेहून नातेवाइकांनी आणलेल्या संचाबाबत आणखी एक खबरदारी आवश्यक आहे. तेथील घरगुती वीज १२० व्होल्टची, तर येथील २३० व्होल्टची असते. तेथील ट्रान्सफॉर्मर केवळ पिन बदलणारा अडॅप्टर लावून येथे जोडल्यास तो जळतो. ट्रान्सफॉर्मरवर २३० किंवा '१०० ते २४०' व्होल्ट असे छापलेले असेल, तरच तो थेट वापरावा. खोली सोडताना मुख्य बटण बंद करावे. उघड्या तारांचा ट्रान्सफॉर्मर मुलांच्या हाती कदापि देऊ नये. तीन वर्षांखालील मुलांना सुट्या कपलिंग व चाकांपासून दूर ठेवावे. ती गिळली जाण्याचा धोका असतो.

टकरी कशा टाळाव्यात?

एकाच मार्गावर दोन गाड्या धावू लागल्या, की घसरण्यासोबत टकरीचाही प्रश्न उभा राहतो. दोन इंजिनांचा वेग सारखा दिसला तरी सारखा नसतो; काही फेऱ्यांत मागची गाडी पुढचीला गाठतेच. यावरचा उपाय खऱ्या रेल्वेने केव्हाच शोधलेला आहे. मार्गाचे विभाग पाडायचे आणि एका विभागात एका वेळी एकच गाडी सोडायची. गोलाकार मार्गावर विभागांची संख्या गाड्यांच्या संख्येपेक्षा किमान एकाने जास्त हवी, अन्यथा कोणतीच गाडी पुढे सरकू शकत नाही.

ही शिस्त पाहायची असेल, तर चिंचवडकरांना फार दूर जावे लागत नाही. कोथरूडमधील जोशी यांचे मिनिएचर रेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी खुले झाले. भाऊ जोशी यांच्या छंदातून उभ्या राहिलेल्या या छोट्या शहरात विविध काळांतील गाड्या सिग्नलच्या इशाऱ्यानुसार संगणकाच्या नियंत्रणाखाली धावतात. जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे ऑगस्ट २००१ मध्ये सुरू झालेल्या 'मिनिएचर वंडरलँड'मध्ये १५ किलोमीटरहून अधिक लांबीचे रूळ आणि हजारावर गाड्या आहेत. तेथेही संगणकाच्या जोडीला नियंत्रण कक्षात माणसे बसलेली असतात, कारण डबा घसरलाच तर तो उचलायला हातच लागतो.

घरात टेबलाच्या कडेलगत रूळ घालणे टाळावे. टाळता येत नसेल, तर कडेला पाच ते सात सेंटिमीटर उंचीची पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची पट्टी लावावी. तीन फुटांवरून फरशीवर पडलेले इंजिन बहुधा दुरुस्त होत नाही, डबा रुळाशेजारी कलंडला तर मात्र काहीच बिघडत नाही.

घसरल्यानंतर काय करावे?

प्रथम वीज बंद करावी, गाडी ओढत पुढे नेऊ नये. डबे उचलण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे आणि सर्वांत मागचे घसरलेले चाक कोणते ते पाहावे; चाक चढल्याची जागा बहुधा त्याच्याही मागे असते. रुळाच्या माथ्यावर ओरखडा आहे का, ते भिंगातून तपासावे. मग त्या डब्याच्या चाकांमधील अंतर, वजन आणि कपलिंगची उंची मोजावी. पट्टीवर डबा बरोबर उतरला, की मागच्या ३० सेंटिमीटर रुळाची पाणसळ व जोड तपासावेत. एका वेळी एकच दुरुस्ती करून पुन्हा दहा फेऱ्या चालवाव्यात. एकदम चार गोष्टी बदलल्यास कोणत्या उपायाने गुण आला, ते कळत नाही.

रूळ पुसताना पॉलिशपेपर वापरू नये. त्याने पडलेल्या चरांत धूळ अधिक साचते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेले सुती कापड पुरेसे असते. कण्यांना तेल देताना सुईच्या टोकावर राहील एवढाच थेंब द्यावा. जादा तेल रुळावर पसरते आणि चढावर इंजिन घसरू लागते.

या सगळ्याला लागणारी सामग्री म्हणजे एक कॅलिपर, एक पाणसळ, एक काटा, एक भिंग आणि एक वही. नव्या इंजिनाच्या किमतीपुढे तिचा खर्च किरकोळ आहे. मुलांसोबत हा छंद जोपासणाऱ्यांनी वहीतील रकाने मुलांकडून भरून घ्यावेत. अपघात झाल्यावर आधी मोजावे आणि मग दोष द्यावा, ही सवय त्यांना खेळता खेळता लागेल.